हरवलेल्या खतावणीचा शोध

एखादी पेढी बंद पडते, मालक कालवश होतात, वह्या रद्दीत जातात. तथापि त्या पेढीने विकलेला माल गावोगाव लोकांच्या घरी वापरात असतो. अशा वेळी, केवळ तो माल पाहून पेढीची खतावणी पुन्हा लिहिता येईल काय? व्यापारी माणसास हा प्रश्न प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. वह्यांवरून मालाचा पत्ता लावणे आपणांस ठाऊक आहे. मालावरून वह्यांचा पत्ता लावण्याचा प्रसंग सहसा येत नाही. परंतु जुन्या फोनोग्राफांचा अभ्यास करणाऱ्या संग्राहकांनी गेल्या काही दशकांत हेच काम चिकाटीने चालविले असून, त्यात जी युक्ती, जी शंकेखोरी आणि जो हिशेबीपणा दिसून येतो, तो व्यापारी वाचकांच्या परिचयाचा वाटेल म्हणूनच हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

फोनोग्राफ आणि ग्रामोफोन ही दोन नावे आपल्याकडे एकाच वस्तूची म्हणून वापरली जात असत. वस्तुतः ती भिन्न आहेत. एडिसनने १८७७ साली जो फोनोग्राफ सिद्ध केला तो नळकांड्यावर बोलणारा होता. प्रथम कथलाच्या पत्र्यावर आणि १८८८ पासून मेणाच्या नळकांड्यावर. एमिल बर्लिनरची चपटी तबकडी, म्हणजे ग्रामोफोन, ही पुढची गोष्ट. भारतात तबकडीचेच राज्य झाले. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे मुद्रित करून गेला, आणि १९०८ साली सियालदह येथे तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. नळकांड्यांचा धंदा आपल्याकडे अगदीच नव्हता असे मात्र नाही. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनी विसाव्या शतकारंभीच्या वर्षांत नळकांडी तयार करून विकली होती.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र न पाहिलेला मनुष्य आपल्या पिढीत विरळा. चित्रकार फ्रान्सिस बॅरॉ याने ते मुळात नळकांड्याच्या फोनोग्राफासमोर बसलेल्या कुत्र्याचे काढले होते. १८९९ मध्ये ते ग्रामोफोन कंपनीने घेताना जुने यंत्र पुसून त्या जागी तबकडीचे यंत्र रंगविण्यात आले, आणि मूळ चित्रात त्या रंगाखाली जुन्या यंत्राच्या खुणा अजून दिसतात. जुने यंत्र तपासणाऱ्याची नजर नेमकी अशीच असावी लागते. वर दिसते ते एक, आणि खाली दडलेले दुसरे.

एडिसनने १८९६ च्या आरंभी नॅशनल फोनोग्राफ कंपनी स्थापून घरगुती यंत्रांचा धंदा हाती घेतला. त्याच वर्षी ‘होम’ हे यंत्र ४० डॉलरांस निघाले. १८९८ साली ‘स्टँडर्ड’ २० डॉलरांस आणि १८९९ साली ‘जेम’ हे चिमुकले यंत्र अवघ्या साडेसात डॉलरांस बाजारात आले. महाग मालापासून आरंभ करून स्वस्ताकडे येत बाजार रुंद करण्याचा हा क्रम ओळखीचाच आहे. १९०२ मध्ये साच्यात ओतलेली कठीण मेणाची नळकांडी आली. १९०८ च्या शरदऋतूत चार मिनिटांची ‘अँबेरॉल’ नळकांडी निघाली. १९१२ मध्ये सेल्युलॉइडची निळी नळकांडी आली, त्याच सुमारास एडिसननेही तबकडीचा धंदा स्वीकारला, आणि १९२९ च्या ऑक्टोबरात त्याने हा सगळाच व्यवहार आवरला.

या सुमारे तेहतीस वर्षांत यंत्रांची रचना सतत बदलत होती. ‘स्टँडर्ड’ या एकाच नावाखाली निघालेली यंत्रे ए पासून जी पर्यंत अक्षरे लावून ओळखली जातात. आणि एका अक्षराच्या पोटातही बदल पुष्कळ. कुठे पेटीचा आकार, कुठे पेटीवरील नावाची सोनेरी मोहोर, कुठे कमानीचा डबा, कुठे गव्हर्नर. हे बदल कोणत्या यंत्रापासून झाले? एकूण किती यंत्रे निघाली? जुन्या नमुन्याची किती आणि नव्याची किती? अशा प्रश्नांची उत्तरे देणारी सलग कारखानावही आज हाती नाही.

कंपनी आपल्या विक्रेत्यांसाठी ‘एडिसन फोनोग्राफ मंथली’ हे मासिक १९०३ पासून काढीत असे, आणि त्यातून नव्या मालाच्या सूचना दिल्या जात. हा आधार मोलाचा खरा. परंतु १८९६ ते १९०२ ही जी सर्वांत धामधुमीची वर्षे, त्यांना तो नाही. शिवाय मासिकातील सूचना ही विक्रेत्याला उत्साह यावा म्हणून लिहिलेली असते. ‘यापुढे सर्व यंत्रे नव्या धर्तीची’ असे छापून आले म्हणजे दुसऱ्या दिवशी कारखान्यातून खरोखरच तशी यंत्रे निघाली असे समजणे भोळेपणाचे होईल. जुन्या भागांचा साठा संपेपर्यंत कोणता कारखानदार नवे भाग बसवील? गुदामात नवी पोती जुन्यांवर रचली जातात आणि तळाची पोती वर्षानुवर्षे तळाशीच राहतात, हे ज्याने पाहिले आहे त्यास अधिक सांगणे नलगे.

म्हणून संग्राहकांनी यंत्रांनाच साक्षीस बोलाविले. इंग्लंडमधील जॉर्ज फ्रो यांनी अल्बर्ट सेफल यांच्या सहकार्याने एडिसनच्या नळकांड्याच्या यंत्रांवर १९७८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, किंवा अमेरिकेत रॉबर्ट बॉमबाख यांनी व्हिक्टर कंपनीच्या यंत्रांवर १९८१ साली जो प्रसिद्ध केला, ते या विषयातील पायाभूत ग्रंथ होत. लंडनमध्ये तर फोनोग्राफप्रेमींची संस्था १९१९ सालापासून आहे; म्हणजे यंत्रे अजून बाजारात विकली जात होती तेव्हापासून! अशा मंडळांच्या सभासदांकडून माहिती मागवून ती एकत्र मांडण्याची जी पद्धत पडली, तिलाच आपण पाहणी म्हणू.

पाहणीचे स्वरूप वरवर साधे आहे. एक प्रश्नपत्रिका सर्वत्र पाठवावयाची. यंत्राचा क्रमांक काय? पट्टीवर कोणकोणत्या पेटंटांच्या तारखा आहेत आणि त्यांतील शेवटची कोणती? पेटीवरील मोहोर कोणत्या धर्तीची? कमान किती आणि कशी? दातेरी चाके दोन मिनिटांची की चार मिनिटांचीही? आवाज काढणारी डबी, जिला रिप्रोड्यूसर म्हणत, ती कोणत्या अक्षराची आणि तिच्यावरील क्रमांक कोणता? यंत्र कोठून मिळाले, कोणी दुरुस्त केले, काय बदलले? पूर्वी ही उत्तरे टपालाने महिनोन्महिने येत. हल्ली छायाचित्रासह त्याच दिवशी येतात, आणि क्रमांक वाचण्यातील चूक छायाचित्रावरून पकडता येते हा मोठाच लाभ होय. झिजलेल्या पट्टीवर ३ चा ८ आणि १ चा ७ होण्यास वेळ लागत नाही.

उत्तरे आली की ती क्रमांकाने लावावयाची. समजा, एखाद्या नमुन्यात ४१,२०० क्रमांकापर्यंतच्या सर्व यंत्रांत जुनी रचना सापडली आणि ४३,७०० पासून पुढे सर्वांत नवी, तर बदल या दोहोंमध्ये कोठेतरी झाला. आणखी एक उत्तर ४२,५०० चे आले की ही फट अर्ध्यावर येते. नवा पत्रलेखक हा अशा प्रकारे एक एक वीट लावीत जातो. परंतु प्रत्यक्षात इतकी स्वच्छ रेषा क्वचितच मिळते. काही अंतरात जुनी व नवी यंत्रे सरमिसळ आढळतात. नवशिक्या अभ्यासकास ती चूक वाटते. अनुभवी अभ्यासकास तीत कारखान्याचा कारभार दिसतो. सरमिसळीचा पट्टा लांब असेल तर जुना साठा मोठा होता, आखूड असेल तर बदल तातडीचा होता, असा तर्क त्यास करता येतो.

एकूण उत्पादनाचा अंदाज करण्याची युक्ती तर फारच सुंदर आहे, आणि ती रणांगणावर सिद्ध झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी दरमहा किती रणगाडे बनवितो हे जाणण्यासाठी दोस्तांच्या अर्थतज्ज्ञांनी हाती लागलेल्या रणगाड्यांच्या भागांवरील क्रमांकांचा उपयोग केला. ऑगस्ट १९४२ या महिन्यासाठी हेरखात्याचा अंदाज १,५५० होता. क्रमांकांवरून काढलेला अंदाज ३२७ आला. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत खरा आकडा मिळाला तो ३४२. हिशेबाची रीत मराठी शाळेतील मुलासही जमेल अशी आहे. मिळालेल्या क्रमांकांपैकी सर्वांत मोठा घ्यावा, त्याला मिळालेल्या नगांच्या संख्येने भागून येणारी रक्कम त्यातच मिळवावी, व एक वजा करावा. समजा, नऊ यंत्रांची माहिती आली असून त्यांतील सर्वांत मोठा क्रमांक ५४,००० आहे; तर ५४,००० अधिक ६,००० उणे १, म्हणजे ५९,९९९. सुमारे साठ हजार यंत्रे निघाली असावीत. उत्तरे जितकी अधिक, तितकी ही वरची भर लहान होत जाते आणि अंदाज पक्का होतो.

मात्र या रीतीस अटी आहेत. क्रमांक एकापासून सुरू झालेले असावेत, मध्ये गाळलेले नसावेत, आणि प्रत्येक यंत्र आपल्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता सारखी असावी. तिसरी अट सर्वांत अवघड. दुर्मिळ यंत्राचा मालक पहिल्याच टपालाने उत्तर पाठवितो. ज्याच्याजवळ चारचौघांसारखे यंत्र आहे तो ‘यात काय सांगायचे’ म्हणून पत्रिका बाजूस ठेवतो. परिणामी पाहणीत दुर्मिळ माल भरपूर आणि सामान्य माल थोडा असा उलटा देखावा दिसू लागतो. आमच्या मते पाहणी चालविणाऱ्याची खरी कसोटी येथेच आहे. ज्यांना सांगण्यासारखे काही वाटत नाही त्यांच्याकडून माहिती काढणे, हेच निम्मे काम. याखेरीज एकच यंत्र तीन हातांतून गेले तर तीन वेळा नोंदले जाण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

साक्षीदार खोटे बोलत नसले तरी वेष बदललेले असतात. १९०८ मध्ये चार मिनिटांची नळकांडी आली तेव्हा तिचे कारण साधे होते. पूर्वीच्या नळकांड्यावर एका इंचात १०० आटे असत, नव्यावर २००. फेऱ्यांचा वेग तोच, मिनिटाला १६०. म्हणून गाणे दुप्पट चाले. पण जुन्या यंत्रावर ते वाजेना. कंपनीने मग जुन्या यंत्रांना बसविता येतील असे दातेरी चाकांचे जोड आणि नवी डबी विकण्यास काढली. आज एखाद्या १९०३ च्या यंत्रात चार मिनिटांची सोय आढळली, तर तो कारखान्यातील बदल नव्हे, दुकानदाराच्या गल्ल्यावरचा बदल होय. कर्ण्याचेही तसेच. १९०७ पूर्वी एडिसनच्या यंत्रांबरोबर लहान कर्णा मिळे, आणि ग्राहक दुसऱ्या कारखान्यांचे मोठे फुलासारखे कर्णे वेगळे विकत घेत. यास्तव कर्ण्यावरून यंत्राचे वय ठरविणे म्हणजे छत्रीवरून माणसाची जन्मतारीख सांगणे. याउलट नळकांडे खरवडून पुन्हा कोरे करण्याचे उपकरण जुन्या यंत्रांच्या अंगचेच असे. घरी आवाज भरण्याची हौस मागे पडून विकतची नळकांडी रुळली तशी पुढील काळातील यंत्रांतून ते गेले. ते उपकरण किंवा ते जेथे बसत असे त्या जागेची खूण ही भरवशाची साक्ष होय.

पट्टीवरील पेटंटांच्या तारखा ही आणखी एक साक्ष. शेवटच्या तारखेपूर्वी ती पट्टी बनलेली असणे शक्य नाही, एवढे निश्चित सांगते. त्यानंतर किती दिवसांनी, ते सांगत नाही. व्हिक्टर कंपनीच्या यंत्रांवरील चिठ्ठी तर व्यापाऱ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. हे यंत्र अमुक क्रमांकाने आमच्या वहीत नोंदलेले असून अमुक किमतीखाली विकल्यास वापरण्याचा परवाना नाही, अशा अर्थाचा मजकूर तीवर असे. कंपनी मालाचा क्रमांक इतक्या काळजीने का नोंदवीत होती, याचे उत्तर त्यातच आले. इतिहासाची सेवा हा तिचा हेतू नव्हता. किंमत तोडणारा दुकानदार पकडावा हा होता. न्यूयॉर्कच्या मेसी या बड्या दुकानाने ही अट जुमानली नाही, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९१७ साली न्यायालयाने कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. एकदा पुरती किंमत घेऊन माल दिला की परवान्याच्या नावाखाली त्याच्या पुढील भावावर हुकमत चालविता येणार नाही, असा त्याचा आशय. तेव्हापासून त्या मजकुराचे बळ गेले. आणि अभ्यासकाच्या हाती काळाची एक खूण आली. अशी अट छापलेली चिठ्ठी दिसली की यंत्र बहुधा त्या निकालापूर्वीचे असे तो धरून चालतो. ‘व्हिक्ट्रोला’च्या पट्टीवर क्रमांकापुढे एखादे अक्षरही आढळते. रचना बदलली की अक्षर पुढे जाई. कारखान्याने स्वतःच ठेवलेली ही खूण पाहणीच्या नोंदींशी ताडून पाहता येते.

आता या सर्वांत पणाला काय लागले आहे ते सांगतो. जुने यंत्र हे साक्षीदार आहे, पण ते साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत, आणि भंगारवाल्यापेक्षा हौशी दुरुस्ती करणारा अधिक नाश करीत आहे. तीन मोडक्या यंत्रांचे एक चांगले यंत्र करणारा मनुष्य पुण्य केल्याच्या भावनेने तीन साक्षी मिटवितो. पेटी खरवडून नवे रोगण चढविले की जुनी मोहोर गेली. पट्टी घासून लखलखीत केली की क्रमांक अंधुक झाला. दिखाऊ मालाला भाव अधिक येतो हे खरे, परंतु अस्सल मालाची कदर करणारा ग्राहक रंगापेक्षा अखंडतेला किंमत देतो, आणि त्याची परीक्षा दिवसेंदिवस कडक होत चालली आहे. पाहणीचे तक्ते प्रसिद्ध झाल्यापासून तर एखाद्या क्रमांकाच्या यंत्रात कोणते भाग असावयास हवेत हे घरबसल्या पडताळता येते. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचे दिवस त्यामुळे बरेचसे सरले.

या बाबतीत आपल्या देशाचे नाव जगाच्या बाजारात फारसे चांगले घेतले जात नाही, हे सांगताना आम्हांस खेद होतो. चकचकीत पितळी कर्णा, नवी कोरी लाकडी पेटी, वर कुत्र्याचे चित्र, आणि आत एखाद्या हातपेटीच्या ग्रामोफोनातून काढलेले यंत्र, असा बनाव करून ‘शंभर वर्षांचा जुना’ म्हणून प्रवाशांच्या गळ्यात घालण्याचा धंदा मुंबईच्या चोरबाजारात आणि अन्यत्र वर्षानुवर्षे चालला. परदेशी संग्राहकांत अशा मालाला हेटाळणीचे वेगळे नावच पडले आहे. फसला तो प्रवासी, हे तर झालेच. पण अधिक हानी निराळीच आहे. अशा प्रत्येक बनावट यंत्रासाठी एक साधे, खरे, घरोघर वाजलेले यंत्र फोडले गेले. ज्या यंत्रांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी नाट्यपदे ऐकली, त्यांचीच आतडी काढून ही सोंगे सजली. शोभेची वस्तू शोभेची म्हणून विकण्यास कोणाचीच हरकत नाही. जुन्याचा शिक्का मारून विकणे हा वजनात मारण्याचाच प्रकार होय.

आणि म्हणूनच वाटते, की ही पाहणीची पद्धत आपल्याकडील यंत्रांसही लावावी. एडिसनचे फोनोग्राफ आपल्या भागात क्वचितच सापडतील. पण हिज मास्टर्स व्हॉइसचा १०२ क्रमांकाचा हातपेटीचा ग्रामोफोन, जो १९३१ साली आधीच्या १०१ च्या जागी आला आणि पुढे बरीच वर्षे निघत राहिला, तो बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील किती जुन्या घरांच्या माळ्यांवर असेल! त्यातही बदल पुष्कळ झाले. आवाजाची डबी आरंभी १६ क्रमांकाची होती, मग ५अ आली, मग ५ब. यांतील कोणते नमुने भारतात किती आले, कोणत्या पेढ्यांमार्फत विकले गेले, हे सांगणारे तक्ते झाले तर किती उपयोगी पडतील. अनेक पेट्यांच्या झाकणाआड किंवा तळाशी विक्रेत्याच्या नावाची लहानशी चिठ्ठी चिकटविलेली असते. आपल्या सभासदांच्या वाडवडिलांपैकी कोणाचे नाव त्यावर निघाले तर नवल वाटू नये. ती चिठ्ठी आणि त्या काळची दुकानातील विक्रीवही एकत्र मिळाली, तर परदेशी संग्राहकांनाही सहसा न लाभलेला पुरावा हाती येईल. माल आणि वही, दोन्ही एका ठिकाणी.

ज्यांच्या घरी असे यंत्र असेल त्यांनी एवढेच करावे. साफसफाई करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. पेटीची सर्व अंगे, झाकणाची आतील बाजू, तळ, डबीवरील अक्षरे. तबकडी फिरणारी थाळी अलगद वर उचलून खालच्या पत्र्यावर काही क्रमांक वा शिक्का असल्यास तो जसाच्या तसा उतरावा. अक्षर अस्पष्ट असेल तर अंदाजाने भरू नये, जागा मोकळी सोडावी. यंत्र कोणी, केव्हा व कोठून घेतले हे घरातील वृद्धांना आजच विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. मोडकी डबी, गंजलेली कमान, तुटकी किल्ली फेकू नये; एका पिशवीत घालून यंत्राबरोबरच बांधून ठेवावी. आणि दुकानाच्या जुन्या वह्यांत, रोजमेळात, कोठे ‘ग्रामोफोन’ वा ‘तबकड्या’ असा शब्द आढळला, तर त्या पानात कागदाची खूण घालून ती वही रद्दीच्या ढिगातून बाजूस काढावी.